रुग्णशय्येजवळची विद्या

घरात कोणी आजारी पडले म्हणजे डॉक्टरांना बोलावणे जाते. डॉक्टर येतात, नाडी पाहतात, औषध लिहून देतात आणि पुढच्या रुग्णाकडे निघून जातात. हे सारे पंधरा मिनिटांत आटोपते. दिवसाचे उरलेले पावणेचोवीस तास रुग्ण कोणाच्या स्वाधीन असतो, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. घरी आई असते, पत्नी असते, एखादी मावशी असते. रुग्णालयात परिचारिका असते. रात्री दोन वाजता ताप चढला, श्वास बदलला, डोळ्यांतले पाणी निराळे दिसू लागले, तर ते प्रथम तिच्या लक्षात येते. या लक्षात येण्याला काही नाव आहे काय, त्याला विद्या म्हणावे काय, आणि ती विद्या पुस्तकावाचून किंवा नुसत्या पुस्तकाने मिळते काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विषय जुना असला तरी त्याला निमित्त नवे आहे. गेल्या साठ वर्षांत अमेरिकेत एक नवा व्यवसाय उदयास आला. परिचारिकेनेच पुढचे शिक्षण घ्यावे, रुग्ण तपासावा, रोगाचे निदान करावे, औषध लिहून द्यावे, आणि जे आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तेवढे डॉक्टरांकडे पाठवावे, अशी ती व्यवस्था आहे. अशा परिचारिकेला तेथे 'नर्स प्रॅक्टिशनर' म्हणतात. आज त्या देशात त्यांची संख्या साडेतीन लाखांच्या वर गेली आहे आणि निम्म्याहून अधिक राज्यांत त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीवाचून काम करण्याची कायद्याने मुभा आहे. या वाढीबरोबर एक वादही वाढला. हा अधिकार हाती घेण्यापूर्वी परिचारिकेने काही वर्षे वॉर्डात, रुग्णाच्या उशाशी काढलेली असावीत की नाही? की पदवी घेऊन सरळ पुढच्या वर्गात बसले तरी चालेल?

हा वाद त्या धंद्यातल्या लोकांचा घरगुती तंटा आहे, असे समजून आपण तो सोडून देऊ नये. आपले मूल ज्याच्या हाती तपासायला द्यायचे, त्याच्या हाताला कोणती सवय झालेली असावी, असा हा प्रश्न आहे. म्हणून तो आपलाही आहे.

आपल्या आयुर्वेदाने या प्रश्नाचा एक धागा फार पूर्वी पकडून ठेवला होता. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला तेथे नोकराची जागा दिलेली नाही. चौरंगाच्या चार पायांपैकी तो एक आहे आणि शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी माया व शुचिता हे त्याचे गुण मानलेले आहेत. वैद्याचे गुण सांगताना मात्र आचार्यांनी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. एक, शास्त्राचे निर्मळ ज्ञान. दुसरी, 'दृष्टकर्मता', म्हणजे प्रत्यक्ष कर्म अनेकवार पाहिलेले असणे. नुसते ऐकलेले पुरत नाही आणि नुसते पाहिलेलेही पुरत नाही. पुढे युरोप-अमेरिकेत परिचर्येच्या इतिहासात जो झगडा झाला तो या दोन गुणांतलाच आहे असे आम्हांस वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडात रुग्णपरिचर्या हा प्रतिष्ठितांचा व्यवसाय नव्हता. डिकन्सने 'मार्टिन चझलविट' या कादंबरीत रंगविलेली मद्यपी परिचारिका वाचकांना खोटी वाटली नाही, यावरून काय ते समजावे. अशा काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल या सधन घरातील मुलीने हे काम शिकण्याचा हट्ट धरला. घरच्यांचा विरोध वर्षानुवर्षे चालला. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतील कायझरवेर्थ येथील संस्थेत ती सुमारे तीन महिने राहिली. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका रुग्णालयाची व्यवस्था तिने हाती घेतली, आणि १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये अडतीस परिचारिकांसह ती तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाली.

'हाती दिवा घेतलेली देवी' हे तिचे चित्र आपल्याकडील पाठ्यपुस्तकांनी घरोघर पोहोचविले आहे. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. स्कुटारीचा मृत्यूचा आकडा खऱ्या अर्थाने खाली आला तो १८५५ च्या वसंतात सरकारी स्वच्छता-आयोगाने गटारे उपसली, पाणी व हवा सुधारली, त्यानंतर. दिव्याने ते काम झाले नाही. परंतु दिव्याने दुसरे एक काम झाले. रात्रीमागून रात्री रुग्णांच्या रांगांतून हिंडणाऱ्या या बाईने पाहण्याची एक शिस्त कमावली, आणि परत आल्यावर ती शब्दांत मांडली.

परिचर्येवरील तिचे छोटेखानी पुस्तक १८५९ च्या अखेरीस तयार झाले. त्यात रुग्णाच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातली एक सूचना पाहा. रुग्णाला 'रात्री झोप चांगली लागली का?' असे विचारणे निरुपयोगी आहे, असे ती म्हणते. कारण एकाला न जागता दहा तास झोप लागली नाही तर रात्र वाईट गेली असे वाटते आणि दुसरा अधूनमधून लागलेल्या डुलक्यांवरही समाधान मानतो. किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी लागली, हे विचारावे. गोष्ट किती साधी! परंतु ही सूचना टेबलाशी बसून सुचणारी नव्हे. शेकडो रुग्णांना चुकीचे प्रश्न विचारले जाताना जिने ऐकले, तिलाच ती सुचावी. दृष्टकर्मता ती हीच.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाचे विद्यालय निघाले. पहिल्या वर्षी पंधरा विद्यार्थिनी होत्या. एक वर्ष त्यांनी रुग्णालयाच्या आवारातच राहावे, वॉर्डात सिस्टरच्या हाताखाली काम करावे, डॉक्टरांची व्याख्याने ऐकावी, आणि प्रत्येकीच्या कामाची व वर्तनाची नोंद दरमहा ठेवली जावी, अशी योजना होती. वर्गाची खोली आणि रुग्णाची खाट यांत अंतर ठेवायचे नाही, हे त्या विद्यालयाचे तत्त्व होते.

आता या तत्त्वावर पहिला आघात झाला तो परिचारिकांच्याच बाजूने. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या माजी मेट्रन एथेल बेडफर्ड फेनविक यांनी १८८७ मध्ये ब्रिटिश परिचारिकांचा संघ स्थापला आणि मागणी केली की डॉक्टरांप्रमाणे परिचारिकांचीही सरकारी नोंदणी व्हावी, ठराविक मुदतीचे शिक्षण व परीक्षा असावी. नाइटिंगेलने या मागणीला कसून विरोध केला. परीक्षेने स्मरणशक्ती कळेल. धीर, मृदुता, सावधपणा कसा कळणार, असा तिचा सवाल होता. फेनविकबाईंचा प्रतिप्रश्नही तितकाच सडेतोड होता: मग कोणीही पांढरा झगा चढवून घरोघर जाईल, त्याला लोकांनी कसे ओळखावे? हा लढा तीस वर्षांहून अधिक चालला. नाइटिंगेल १९१० मध्ये निवर्तली आणि १९१९ मध्ये नोंदणीचा कायदा झाला. त्या नोंदपुस्तकात पहिले नाव फेनविकबाईंचे लागले.

आमच्या मते या लढ्यात दोघींचेही खरे होते. गुणाची पारख कागदावर होत नाही हे खरे, आणि कागदावाचून समाजाला भोंदू व जाणता यांत निवड करता येत नाही हेही खरे. दोघींना मान्य असलेली गोष्ट मात्र आपण विसरता कामा नये. परीक्षा असो वा नसो, रुग्णाच्या खाटेपाशी शिकल्यावाचून परिचारिका होता येते असे त्यांपैकी कोणीच म्हटले नव्हते.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते, तेही ओझरते पाहू. ज्या व्याख्यानमालेच्या प्रथेमुळे आपण वसंतातल्या संध्याकाळी असे एकत्र जमतो, ती प्रथा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात घातली. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने १९०९ मध्ये पुणे सेवासदन उभे केले, आणि सेवासदनाने ससून रुग्णालयात मुलींना परिचर्येचे शिक्षण देण्याचे काम अंगावर घेतले. परक्या पुरुषाचे अंग पुसावे, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे भांडे उचलावे, रात्रपाळीला घराबाहेर राहावे, या कल्पनेनेच तेव्हाचा पांढरपेशा समाज दचकत होता. त्या मुलींत विधवा होत्या, परित्यक्ता होत्या. व्याख्यान ऐकून समाज बदलतो, पण तो अर्धा बदलतो. उरलेला अर्धा बदल वॉर्डात उभे राहणाऱ्या या मुलींनी घडविला. ज्ञान आणि कर्म यांची जोडी एकाच घरात अशी नांदली, हा योग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

परंतु मुळात व्यवसायच विरळ होता. १९४६ मध्ये भोर समितीने आपला अहवाल दिला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण तिने नोंदविले होते. जेथे खाटेशेजारी उभे राहायलाच माणूस नाही, तेथे पुढच्या पायरीची चर्चा कशी व्हावी? म्हणून आपल्या विषयाची पुढची हकीकत अमेरिकेत घडली, आणि तिकडेच आता वळले पाहिजे.

अमेरिकेत परिचारिका रुग्णालयाबाहेर पडली ती गरिबांच्या वस्तीत. १८९३ मध्ये लिलियन वॉल्ड या तरुण परिचारिकेने न्यूयॉर्कच्या पूर्व भागात, परदेशांतून आलेल्या कष्टकऱ्यांच्या चाळीत, घरोघर जाऊन शुश्रूषा करण्याचे काम सुरू केले. पुढे ते हेन्री स्ट्रीटच्या संस्थेच्या नावाने प्रसिद्ध झाले. चौथ्या मजल्यावरील अंधाऱ्या खोलीत बाळंतीण पडलेली, डॉक्टर येणार नाही, रुग्णालय लांब. अशा ठिकाणी परिचारिकेला स्वतःच काही ठरवावे लागे. निर्णयाचा अधिकार तिला कोणी कायद्याने दिला नव्हता; परिस्थितीने दिला होता.

हेच अधिक ठळकपणे घडले केंटकी राज्यातील डोंगरात. मेरी ब्रेकिनरिज या बाईंची दोन्ही मुले लहानपणीच गेली. त्या अगोदरच शिकलेल्या परिचारिका होत्या. त्यांनी इंग्लंडात जाऊन सुईणीचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले आणि १९२५ मध्ये केंटकीच्या दुर्गम भागात एक सेवासंस्था काढली. रस्ते नव्हते. त्यांच्या परिचारिका घोड्यावर खोगीरपिशव्या टाकून ओढे-नाले ओलांडीत बाळंतपणाला जात. डॉक्टरांच्या सल्लागार मंडळाने लिहून दिलेले नियमांचे एक पुस्तक त्यांच्यापाशी असे. कोणत्या लक्षणाला काय करायचे आणि कोठे थांबायचे ते त्यात होते. मेट्रोपॉलिटन आयुर्विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञांनी या बाळंतपणांचा हिशेब तपासला तेव्हा मातांच्या मृत्यूचे प्रमाण त्या काळच्या देशाच्या सरासरीपेक्षा पुष्कळच कमी आढळले. येथे क्रम ध्यानात घ्यावा. नियमांचे पुस्तक होते, पण ते वाचणारी बाई अगोदर परिचारिका होती, मग सुईण झाली, आणि त्यानंतर घोड्यावर बसली.

नुसती वर्षे मोजली म्हणजे अनुभव झाला, असे मात्र या इतिहासावरून कोणी समजू नये. १९२३ मध्ये जोसेफिन गोल्डमार्क यांच्या नावाने ओळखला जाणारा अहवाल अमेरिकेत प्रसिद्ध झाला. शिक्षणाच्या नावाखाली रुग्णालये विद्यार्थिनींना स्वस्त मजूर म्हणून राबवितात, तीच ती कामे महिनोन्‌महिने करून घेतात आणि शिकवीत काहीच नाहीत, असा ठपका त्याने ठेवला. फरशी पुसण्यात आणि चादरी मोजण्यात गेलेली वर्षे रुग्णशय्येजवळची खरी, पण त्यांतून विद्या निघाली नाही. त्याच वर्षी येल विद्यापीठात परिचर्येचे स्वतंत्र विद्यालय निघाले, आणि हा विषय रुग्णालयाच्या आवारातून विद्यापीठाच्या आवारात शिरू लागला.

आता आपण १९६५ या वर्षाशी येऊन पोहोचलो. केंटकीच्या मेरी ब्रेकिनरिज याच वर्षी वारल्या, आणि याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिकेने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाच्या सहकार्याने पहिला नर्स प्रॅक्टिशनर वर्ग सुरू केला. फोर्ड या मूळच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या. कोलोरॅडोच्या ग्रामीण भागात मुलांना तपासायला डॉक्टर मिळत नाहीत आणि तेथील परिचारिका प्रत्यक्षात पुष्कळसे काम अगोदरच करीत आहेत, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. तेव्हा जे चालले आहे त्यालाच शास्त्राचा आधार द्यावा, हा त्यांचा हेतू होता. सार्वजनिक आरोग्याच्या कामात मुरलेल्या परिचारिका घ्यायच्या, त्यांना बालरोगशास्त्राचे चार महिन्यांचे कसून शिक्षण द्यायचे, आणि मग पुन्हा वस्तीतल्या कामावर पाठवून तेथे त्यांच्या शिक्षणाचा पाठपुरावा करायचा, अशी योजना होती.

चार महिने! आज हा काळ ऐकून नवल वाटते. परंतु ते चार महिने रित्या भांड्यात ओतलेले नव्हते. ज्या बाईने शेकडो तान्ही मुले हाताळली आहेत, जिला निरोगी मुलाचे रडणे आणि आजारी मुलाचे रडणे वेगळे ऐकू येते, तिला छातीवर नळी ठेवून काय ऐकावे ते चार महिन्यांत शिकविता येते. निरोगी मुलाचे रडणे कसे असते हे मात्र वर्गात शिकविता येत नाही. एवढा अल्प अभ्यासक्रम फलदायी झाला याचे रहस्य अभ्यासक्रमाबाहेर होते.

त्याच १९६५ साली ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड या डॉक्टरांनी निराळा मार्ग काढला. त्यांनी प्रथम परिचारिकांसाठीच थेल्मा इंगल्स यांच्याबरोबर प्रगत वर्ग आखला होता. पण परिचर्याशिक्षणाच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला मान्यता नाकारली. तेव्हा नौदलातून परतलेल्या चार शुश्रूषकांना घेऊन त्यांनी 'डॉक्टरांचे साहाय्यक' तयार करण्याचा वर्ग काढला. व्यवसायाचे नाव निराळे झाले, तथापि गोम तीच. जहाजावर आणि छावणीत ज्यांनी जखमा बांधल्या होत्या, अशीच माणसे स्टेड यांनीही निवडली.

या नव्या व्यवस्थेवर डॉक्टरांचा आक्षेप होता, आणि परिचारिकांच्या पुढाऱ्यांचाही होता. डॉक्टरांना वाटे, या आमच्या क्षेत्रात शिरतात. परिचारिकांना वाटे, या आमचे क्षेत्र सोडतात. उत्तर प्रयोगाने मिळाले. कॅनडात ओंटारिओ प्रांतातील बर्लिंग्टन येथे एका कौटुंबिक दवाखान्यात रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून काही कुटुंबे डॉक्टरांकडे व काही नर्स प्रॅक्टिशनरकडे सोपविण्यात आली. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही, आणि परिचारिकांकडील भेटींपैकी ६७ टक्के भेटी डॉक्टरांचा सल्ला न घेता निभावल्या गेल्याचे दिसले. व्यवसायाने आपली लायकी सिद्ध केली.

आणि याच १९७४ साली येल विद्यापीठाने वळण घेतले. परिचर्येचा गंधही नसलेल्या, पण दुसऱ्या कोणत्या तरी विषयात पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांना सलग तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातून प्रगत परिचारिका होण्याची वाट तेथे खुली झाली. पुढे इतर विद्यापीठांनी तिचे अनुकरण केले. प्रथम परिचारिका, मग अनुभव, मग अधिकार, हा जो क्रम परिस्थितीने घालून दिला होता तो आता ऐच्छिक झाला.

या सरळ वाटेच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे आपण नीट ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, दवाखान्यात बसून मधुमेहाचा रुग्ण वर्षानुवर्षे सांभाळणे हे काम वॉर्डातल्या कामाहून भिन्न आहे. अतिदक्षता विभागात दहा वर्षे काढलेली परिचारिका खोकल्याने बेजार झालेल्या मुलापुढे बसली तर तीही नवशिकीच. त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान पाहणीत, अगोदरच्या नोकरीची वर्षे आणि नर्स प्रॅक्टिशनरचे कौशल्य यांचा अपेक्षित संबंध आढळला नाही. उलट सहकारी डॉक्टरांनी दिलेल्या गुणांत जुन्या अनुभवी परिचारिका काहीशा मागेच राहिल्या. पाहणी लहान असल्याने तिच्यावर मोठी इमारत उभी करता येणार नाही. पण ती दडपून अनुभवाचे पोवाडे गाणे हेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. वर्षानुवर्षे हुकूम पाळण्याची सवय लागलेल्या माणसाला स्वतः हुकूम लिहिणे जड जाते, हे आपण आपल्या कचेऱ्यांतही पाहतोच.

मग अनुभव म्हणजे तरी काय? या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने १९८४ मध्ये दिले. वैमानिक व बुद्धिबळपटू यांचे कौशल्य कसे वाढते याचा अभ्यास ड्रायफस या दोघा भावांनी केला होता. तो आराखडा घेऊन बेनर यांनी परिचारिकांच्या मुलाखती घेतल्या व नवशिकेपणापासून निष्णातपणापर्यंत पाच पायऱ्या मांडल्या. नवशिकी परिचारिका नियमाला धरून चालते. एकाच प्रकारच्या रुग्णांत दोन-तीन वर्षे काढल्यावर तिला कामाची आखणी करता येते. तीन ते पाच वर्षांनी तिला परिस्थिती तुकड्यातुकड्यांनी न दिसता एकसंध दिसू लागते. निष्णात परिचारिकेला तर रक्तदाब व नाडी ठीक असतानाही 'याचे काही तरी बिघडते आहे' असे जाणवते, आणि पुष्कळदा ते खरे ठरते. आपल्याकडील जाणती सुईण किंवा गुरे राखणारा म्हातारा असेच जाणतो. त्याला कारण विचारले तर सांगता येत नाही, पण त्याचे चुकत नाही.

बेनर यांनी याबरोबर दोन इशारे दिले आहेत, आणि वादातल्या दोन्ही पक्षांनी ते ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा की अनुभव म्हणजे निव्वळ काळ लोटणे नव्हे. आपण मनाशी बांधलेला अंदाज प्रत्यक्ष रुग्णाने खोटा पाडला आणि त्यामुळे आपली समज सुधारली, तरच तो अनुभव. दुसरा असा की क्षेत्र बदलले म्हणजे निष्णातही पुन्हा नवशिका होतो. गोल्डमार्क अहवालातील राबणाऱ्या मुली आणि २००५ च्या पाहणीतील जुन्या परिचारिका, या दोन्ही कोड्यांची उकल आम्हांस या दोन वाक्यांत दिसते. फोर्ड यांनी निवडलेल्या परिचारिका मुलांमध्येच काम करीत आलेल्या होत्या आणि मुलांकडेच परत गेल्या. त्यांचा जुना अनुभव आणि नवा अधिकार एकाच जमिनीत रुजलेले होते. अनुभव कोणता आणि अधिकार कोणता, यांचा मेळ घातला तरच वर्षांच्या गणनेला अर्थ आहे.

हा सारा इतिहास आता आपल्याही दारात येऊन उभा आहे. २०१७ च्या सुमारास भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, आणि त्यात प्रवेशासाठी पदवीनंतर किमान एक वर्षाचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव मागितला. २०१८ पासून देशभरातील आरोग्य उपकेंद्रांवर 'समुदाय आरोग्य अधिकारी' नेमण्यास आरंभ झाला. त्यांत परिचारिका मोठ्या संख्येने आहेत. प्रारंभी त्यांना सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम पुरा करावा लागे. पुढे तोच भाग पदवीच्या अभ्यासक्रमात सामावून घेण्यात आला, म्हणजे नुकती पदवी घेतलेली मुलगीही सरळ उपकेंद्रावर जाऊ शकेल. कोलोरॅडो ते येल हे अंतर अमेरिकेने नऊ वर्षांत तोडले. आपण ते त्याहून लवकर तोडीत आहोत. खेड्यात डॉक्टर टिकत नाही ही आपली अडचण खरी आहे आणि ती या मुलीच दूर करतील, याविषयी आम्हांस शंका नाही. म्हणूनच त्यांच्या तयारीविषयी आस्था वाटते. बावीस वर्षांची मुलगी रात्री एकटी उपकेंद्रात आहे, समोर घामाने डबडबलेला शेतकरी छाती धरून बसला आहे. त्या क्षणी तिला पाठांतर आठवण्यापेक्षा पूर्वी पाहिलेला असाच एक चेहरा आठवला, तर त्या शेतकऱ्याचे प्राण वाचण्याची शक्यता अधिक आहे.

तेव्हा नियम कोणता असावा? इतकी इतकी वर्षे वॉर्डात काढलीच पाहिजेत, असा सरसकट दंडक घालावा असे आम्हांस वाटत नाही. ज्या वॉर्डात कोणी शिकवीत नाही तेथली पाच वर्षे, जेथे जाणती सिस्टर शेजारी उभी राहून 'याच्या नखांकडे पाहिलेस का?' असे विचारते तेथल्या एका वर्षाची बरोबरी करणार नाहीत. पण ते एक वर्ष मात्र सोडता येणार नाही. ज्या क्षेत्रात पुढे निर्णय घ्यायचा त्याच क्षेत्रातले, जाणत्या व्यक्तीच्या नजरेखालचे, रुग्णाची सकाळ-संध्याकाळ-रात्र पाहिलेले असे काही काळाचे काम, पदवीपूर्वी असो वा नंतर, या अधिकाराची पूर्वअट असली पाहिजे. सरळ वाटेने येणाऱ्यांनी ते अभ्यासक्रमातच भरपूर मिळवावे. मागच्या वाटेने येणाऱ्यांनी हुकूम पाळण्याची सवय सोडून निर्णयाची सवय लावून घ्यावी.

शेवटी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आम्ही कर्तव्य समजतो. अनुभवाचा हा सारा विचार आपण एका जिन्याच्या रूपाने करतो: खाली वॉर्ड, वर अधिकार, चार वर्षे खालच्या पायरीवर काढा आणि मग वर चढा. या विचारात एक मोठा धोका आहे. हुशार परिचारिकेला मान व वेतन हवे असेल तर तिने रुग्णाची खाट सोडलीच पाहिजे, अशी व्यवस्था झाली, तर खाटेजवळ उरणार कोण? लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास करून २००२ मध्ये दाखवून दिले की एका परिचारिकेवर एकेक रुग्ण अधिक पडत गेला की तीस दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याची शक्यता दर वेळी सुमारे सात टक्क्यांनी वाढते. खाटेजवळचे काम ही कोणत्याही मोठ्या कामाची उमेदवारी नव्हे. रुग्णाचे जगणे-मरणे तेथेच ठरत असते. शिवाय तेथली जाणती माणसे निघून गेली, तर नवशिक्यांना शिकवायलाही कोणी उरणार नाही, आणि ज्या अनुभवाची आपण अट घालणार तो मिळण्याची जागाच नाहीशी होईल.

लॉरेटा फोर्ड यांना हे उमगलेले होते असे दिसते. १९७२ मध्ये रोचेस्टर विद्यापीठाच्या परिचर्या विद्यालयाच्या त्या प्रमुख झाल्या, तेव्हा शिकविणाऱ्याने रुग्णसेवाही करावी आणि रुग्णसेवा करणाऱ्याने संशोधनातही भाग घ्यावा, अशी एकत्रित व्यवस्था त्यांनी तेथे बसविली. नवा व्यवसाय काढणाऱ्या बाईने जुन्या खाटेशी असलेले नाते तुटू दिले नाही. २०२५ च्या जानेवारीत वयाच्या १०४ व्या वर्षी त्या निवर्तल्या.

आपण नगरवासी या बाबतीत काय करू शकतो? अभ्यासक्रम ठरविणे आपल्या हाती नाही. पण आपल्या गावच्या रुग्णालयात एका परिचारिकेमागे किती खाटा आहेत, हे विचारणे आपल्या हाती आहे. वीस वर्षे रात्रपाळी केलेल्या सिस्टरला केवळ डॉक्टरांची हरकामी न समजता, एका विद्येची जाणकार म्हणून तिचे म्हणणे ऐकणे आपल्या हाती आहे. तिच्यापाशी जे आहे ते ग्रंथांत पूर्णपणे उतरलेले नाही. ते माणसाकडून माणसाकडे, खाटेच्या या बाजूकडून त्या बाजूकडे जात आले आहे. ही परंपरा चालू राहिली तर पुढची परिचारिका औषध लिहून देवो वा नुसती चादर सारखी करो, तिच्या हाती आपला माणूस सुरक्षित राहील.